उन्नतीच्या नावाचं पान

"हे पान मी बनवलेलं नाही," उन्नती तरे म्हणाली.

निजामपुऱ्यातल्या आपल्या कचेरीत खासगी तपासनीस खदीजा फक्कीने ते संगणकावर उघडलं. २००८ साली कॉलेजातली सगळी मुलं ओळखी जोडायच्या याच साइटवर असत. उन्नतीचा फोटो, मोबाइल नंबर, जन्मतारीख एक जून, आणि खाली, 'कधीही फोन करा.'

"अनोळखी पोरांचे फोन थांबतच न्हाय," उन्नतीचे वडील, पूर्णा गावचे हिरामण म्हणाले. "नंबर नवा हाय. घराबाहेर तिच्या दोघा दोस्तांनाच म्हाईत. आता कॉलेज बंद. लगीनच लावतो."

"साइटवाल्यांना कळवलं?"

"दोनदा. उत्तरच नाही," उन्नती म्हणाली.

"आपा, दोस्तांपैकीच कुणीतरी," खदीजाचा मावसभाऊ आणि मदतनीस मजीद कुजबुजला.

त्या दोघांपैकी प्रितेश कॉलेजच्या फाटकावर भेटला. "मी तिला विचारलं होतं. नाही म्हणाली. म्हणून असलं करीन? कोजागरीला तिच्या वाढदिवसाचं मसाला दूध प्यायलोय मी."

मैत्रीण निशा भडकलीच. "दर कोजागरीला मी तिच्या घरी असते. आणि संशय माझ्यावर?"

दापोड्याच्या नाक्यावर बाळारामचं मोबाइलचं दुकान होतं. "सिम माझ्याकडूनच घेतलं. फोटो, शाळेचा दाखला, सगळं नियमाप्रमाणे. पण पोरीला घमेंड फार! हसून बोललं तर तोंड फिरवते. आता रिचार्जपण दुसरीकडं."

संध्याकाळी खदीजाने सगळ्यांना कचेरीत बोलावलं.

"मजीद, तुझा वाढदिवस?"

"कागदावर एक जून. खरा अम्मीला ठाऊक."

"इकडे शाळेत नाव घालताना मास्तर कितीजणांना एक जूनच लावतात. दोस्तांनी पान बनवलं असतं, तर तिच्या खऱ्या वाढदिवसाची, कोजागरीच्या सुमाराची तारीख टाकली असती. एक जून लिहिणारा उन्नतीला ओळखत नाही, तिचा दाखला ओळखतो. दाखला कॉलेजातही आहे, पण नवा नंबर तिथे नाही. हिरामणभाऊ, सिम विकणाऱ्याला मोजायचं तुम्ही विसरलात."

बाळाराम उठला. "जराशी मस्करी केली..."

"कागद सिमसाठी दिले होते, मस्करीसाठी नाही. बस खाली."

"आणि साइटवाले?" मजीदने विचारलं.

"पोलिसांतल्या तक्रारीची प्रत जोडून नोटीस पाठवू. आम्हाला माहीत नव्हतं, असं म्हणायची त्यांची सोय संपली."

पोलीस ठाण्यात हवालदाराने हिरामणना समजावलं, "पोरीचं नाव कशाला? तक्रार तुमच्या नावाने लिहितो."

हिरामणनी पुढची खुर्ची उन्नतीकडे सरकवली.

"न्हाय साहेब. नाव तिचं वापरलंय, तक्रार बी तीच करंल. अन् जरा लवकर लिवा. सकाळी तिचं कॉलेज हाय."