लाल दारातली मुलगी

भांडायला येणारं गिऱ्हाईक काउंटरपर्यंत पोचायच्या आतच ओळखू येतं. हा मात्र भांडायला म्हणून आला आणि कशासाठी आलो तेच दारात विसरला.

दुकान गाड्यांच्या रंगाचं. ती वजनकाट्यावर डबा ठेवून लाल रंग ढवळत होती. डोक्याला फडकं, मास्क हनुवटीखाली ओढलेला, उजव्या हातात लाकडी पट्टी. तो रिकामा डबा घेऊन उभा राहिला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, की तिनं आधी फडकं चाचपलं, मग नाकाला रंग लागलाय का ते पाहिलं.

"काय हवंय?"

"हा रंग..." त्यानं डबा पुढं केला. "झाकणावरचं अक्षर तुमचं?"

अक्षर तिचंच होतं, तारीख महिन्यापूर्वीची. "माझंच. का?"

"रंग चुकलाय."

दुकानातले तिला 'काटा' म्हणत. एक तर तिच्या हातून ग्रॅमचीही चूक होत नसे म्हणून, आणि दुसरं कारण तिच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. पाच वर्षांत तिचा एकही डबा परत आला नव्हता.

"गडद झालाय की फिकट?"

"तसं नाही. लालच आहे. पण... त्यात कुणीतरी आहे."

तिनं ढवळणं थांबवलं. माणूस प्यायलेला दिसत नव्हता. इस्त्रीचा शर्ट, हात स्वच्छ, नखं बारीक कापलेली.

मग त्यानं सांगितलं. दातांच्या कॅप बनवण्याचं त्याचं काम. गाडी वडिलांची, ते दोन वर्षांपूर्वी गेले. महिन्यापूर्वी एक ट्रक घासून गेला आणि चालकाच्या शेजारचं दार बदलावं लागलं. दार जुन्या बाजारातलं, रंग तिच्या हातचा. तेव्हापासून आई गाडीत बसायला तयार नाही.

"म्हणते, दारात एक मुलगी ताटकळत उभी आहे. ती उभी असताना मी बसून कशी जाऊ?"

"दुसऱ्या गाडीनं न्या."

"दोनदा नेऊन पाहिलं. कोपऱ्यापर्यंत जाते, श्वास कोंडतो, उतरते. तिला बाबांचीच गाडी हवी असते." तो डब्याच्या कडेवरून बोट फिरवत होता. "एक डोळा गेलाय. दुसऱ्याचं ऑपरेशन सोमवारी आहे. सोमवार चुकला तर डॉक्टर म्हणतात, मग कशाला येता?"

आज गुरुवार होता.

"माझा रंग चुकत नाही," ती म्हणाली, "पण बघायला येते." आणि हे आपण का बोललो, याचा विचार ती दुकान बंद होईपर्यंत करत बसली.

घर उतारावरच्या गल्लीत होतं. गाडी दारासमोर उभी. तिनं नमुन्याचं कार्ड दारावर धरलं, मग शेजारच्या पत्र्यावर. तंतोतंत.

"बघा. दूध का दूध."

"तुम्ही हसलात की दात छान दिसतात," तो म्हणाला. "वरचे चार एका रंगाचे. सुळा किंचित पिवळा."

"असं पोरींशी बोलतात?"

"कामाची सवय... माफ करा."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. तिनं जीभ सुळ्यावरून फिरवली तेवढी.

"समोरून काय बघतेस?" वरच्या खिडकीतून आवाज आला. आई. पांढरे केस, एका डोळ्यावर पट्टी. "बाजूनं बघ. उजेड उतरू दे जरा."

ऊन छपरांच्या खाली गेलं. ती मागच्या चाकापाशी सरकली, मान तिरकी केली, आणि जागीच थबकली. लाल दारात एक मुलगी उभी होती. त्याच लालात, जेमतेम एक छटा गडद. डोक्याशी गोल, खांदे, खाली निमुळती. उजवा हात वर, हातात काठीसारखं काही.

सावली असेल आपलीच, म्हणून तिनं हात हलवला. दारातली हलली नाही. ती दोन पावलं मागं गेली. दारातली तिथंच, कुणीतरी बोलावण्याची वाट बघत.

"दिसली?" त्यानं हळूच विचारलं. तो अगदी जवळ उभा होता. त्याच्या बाहीला दातांच्या भुकटीचा कोरडा वास होता, आणि त्या क्षणी जगात तेवढीच एक गोष्ट भरवशाची वाटत होती.

त्या रात्री ती दिवा लावून झोपली. शुक्रवारी दुपारी तो दुकानात आला, खिशातून दोन दात काढून काउंटरवर ठेवले. मालक बघतच राहिले.

"दोन्ही कॅप एकाच पांढऱ्याच्या," तो म्हणाला. "ही करडी का दिसते, सांगा."

तिनं उलटी करून पाहिली. आत धातूचं अस्तर. दुसरीला नव्हतं.

"आतला दात काळा असला, की वरून कितीही पांढरं चढवा... डोकावतोच. रात्रभर तेच आठवत होतं. तुमच्यात असतं का असं?"

असतं. ती कपाळावर हात मारून घेणार होती, पण हाताला रंग होता. लाल हा मुळात पातळ रंग, आरपार दिसू देणारा. त्याच्याखाली प्रायमर कुठला, म्हणजे आतलं अस्तर कुठल्या रंगाचं, त्यावर वरचा लाल ठरतो. पांढऱ्यावर तो उजळतो, करड्यावर काळवंडतो. ती नमुन्याची कार्डं रंगवायची ती पांढऱ्यावर. पाच वर्षं सगळ्यांना हेच शिकवत आली होती, आणि दाराखाली काय आहे ते विचारलंच नव्हतं.

दार ज्यांनी रंगवलं होतं त्या गॅरेजच्या पेंटरकाकांना तिनं गाठलं. काकांनी कान खाजवला.

"पोचा होता, पुट्टी भरली, वर करडा प्रायमर मारला. बाकी जुनं पांढरं होतं ते ठेवलं. कुणाला कळतंय?"

"पोचा केवढा होता?"

काकांनी तळहात दाखवला. "एवढा. शपथेवर सांगतो."

शनिवारी सकाळी काकांच्या गॅरेजात तिनं दार घासायला घेतलं. पाणी, पॉलिश पेपर, लाल लगदा मनगटापर्यंत. तो दिवा धरून बसला होता. वरचा लाल निघाला आणि खाली करडा उघडा पडला. तळहाताएवढा नाहीच. नखशिखान्त मुलगी. काका एकदा वाकून बघून गेले ते परत त्या बाजूला फिरकले नाहीत.

ती खालून पुसत वर गेली. पावलं गेली. गुडघ्यांपर्यंत आली तेव्हा तिच्या गुडघ्यांना मुंग्या आल्या. तासभर उकिडवं बसलं की येतातच, तिनं स्वतःला समजावलं. कंबर गेली. खांद्यापाशी पोचली तेव्हा तिचा हात इतका जड झाला, की पेपर गळून पडला.

"थांबा," तो म्हणाला. "चेहरा... नका पुसू."

"का?"

त्यानं दिवा खाली ठेवला. "आई मला रोज सांगायची, कशी दिसते ती. डोक्याला फडकं बांधलंय. हनुवटीखाली काहीतरी अडकवलंय. हातात पट्टी आहे. हे सगळं तिनं मी दुकानात यायच्या आधी सांगितलंय. गुरुवारी आत आलो आणि तुम्ही ढवळत होतात..."

गॅरेजात कुठंतरी नळ ठिबकत होता.

"म्हणजे मला बघून नाही," ती म्हणाली, "भूत बघून तुमची वाचा बसली होती."

"गुरुवारी भूत बघून. शुक्रवारी दात दाखवायला आलो, ते तुम्हाला बघायला. फोनवरही सांगता आलं असतं. हे पुसलं आणि तुम्हाला काही झालं तर? मला... तुम्ही हव्या आहात."

तिला भीती वाटत होती. खरं म्हणजे चांगलीच वाटत होती. आणि त्याच वेळी छातीत काहीतरी असं उजळलं होतं, की भीती कुठली आणि ते कुठलं, वेगळं करता येईना.

"आणि तुमच्या आईचा डोळा?"

तिनं पेपर उचलला, पाण्यात बुडवला आणि चेहरा पुसून टाकला. एकदाच डोळ्यांसमोर अंधारी आली. त्यानं दंड धरला होता, तो तिनं सोडवून घेतला नाही.

गाडीच्या जुन्या पत्र्यावर, दाराच्या शेजारी, टवका उडाला होता, तिथं कंपनीचं मूळ अस्तर दिसत होतं, फिकट गुलाबी. तिनं पांढऱ्यात थेंब थेंब लाल घालून तेच जुळवलं आणि सगळ्या दाराला एकसारखं मारलं. रविवारी वर लाल चढवला. संध्याकाळी दोघांनी तिरकी मान करून पाहिलं. दार रिकामं होतं.

सोमवारी सकाळी टवका झाकायला म्हणून ती उरलेला रंग घेऊन गेली. डोक्याला फडकं तसंच, कारण तिथून थेट दुकानात जायचं होतं. आई मुलाच्या हाताला धरून खाली आली. एका डोळ्यानं दाराकडे बघत राहिली, समोरून, मग बाजूनं.

"गेली," ती म्हणाली.

त्यानं दार उघडलं. आई बसली नाही. दहाला पोचायचं होतं, साडेनऊ वाजून गेले होते.

"आई, गेली ना ती? मग बस ना."

आईनं मान वळवली. रंगवाली तीन पावलांवर उभी होती, उजव्या हातात पट्टी.

"अगं," आई म्हणाली, "तू बाहेर आलीस, तरी उभीच?"

तिच्या हातातली पट्टी खाली आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. विनवण्याचा त्याला हक्क होता आणि तो गप्प होता, म्हणून तर तिचा निर्णय झाला. तिनं डबा पायरीवर ठेवला. फडकं सोडलं, घडी करून खिशात घातलं. लाल दाराशी जाऊन थबकली.

"ही जागा तर तुमची," ती आईला म्हणाली.

"माझी होती. हे गेल्यापासून तिथं बसून सारखं शेजारी बघायची." आईनं मागचं दार स्वतःच चाचपून उघडलं. "महिनाभर तुझ्यासाठी राखली. बस आता, किती वेळ उभी राहशील?"

ती बसली. मागं आई बसल्याचा आवाज आला, पदर सावरल्याचा, दार ओढून घेतल्याचा. तो वळसा घालून आला, किल्ली लावली, आणि त्याला ती पहिल्यांदा फिरवता येईना.

"दुकानाशी सोडू तुला?" त्यानं विचारलं. 'तुम्हाला' कधी गळलं, दोघांनाही कळलं नाही.

"आधी आईंचं होऊ दे," ती म्हणाली. "नंतर सोडूच नकोस."

"चल," मागून आई म्हणाली. "सगळे बसले."