उलटे वेढे

मिस्त्रीचं डोकं भर दुपारी फिरलं होतं. जुन्या गिटारचा पिकअप हातात घेतला की चहा निवायच्या आत साल सांगणारा माणूस, आणि आज हा बोटभर तुकडा त्याला पाणी पाजत होता.

पिकअप म्हणजे तरी काय, गिटारचा आवाज उचलून स्पीकरकडे धाडणारी, चुंबकांभोवती गुंडाळलेली केसाएवढी तांब्याची तार. हा एका ताईने भंगाराच्या दुकानातून उचलून आणला होता. तिचा धाकटा भाऊ असे पिकअप घरीच हाताने गुंडाळायचा. डावखुरा, म्हणून वेढे उलटे; या पिकअपचेही तसेच. काम चालू असताना त्याला हाक मारायची नाही, असा घरात दंडकच होता. दचकला की तार तुटायची. मग एक दिवस तो घरातून गेला, तो गेलाच.

"त्याने हा जाण्याआधी केलाय की नंतर, एवढंच सांगा," ताई म्हणाली. "नंतरचा असेल, तर तो तेव्हा होता..."

चुंबक जुने, तारेच्या टोकाला दिलेला कथलाचा डाग जुना. म्हणजे आधीचा. पण वरचे वेढे नवेकोरे, चकचकीत; आणि मध्ये कुठेही सांधा नाही. आत म्हातारा, बाहेर पोरगा, ही काय भानगड? मिस्त्रीने मीटर लावला. तार जितकी लांब, तितका काटा वर. थोड्या वेळाने पुन्हा लावला तर काटा चढलेला. तार तापली तरी काटा चढतो; उन्हाने तापली असेल म्हणून पिकअप पंख्याखाली ठेवला. गार झाला, तरी काटा आणखी वर. मीटरच्या नानाची टांग, म्हणत त्याने मीटरच बदलला. काटा त्याच्या डोळ्यांदेखत सरकत राहिला.

वैतागून त्याने मीटर तसाच ठेवून पिकअप स्पीकरला जोडला.

सर्र... सर्र... मग थांबून एक सुस्कारा. पुन्हा सर्र...

ताई उठून उभी राहिली. "असाच... श्वास धरून गुंडाळायचा..." तिचे डोळे भरून आले, आणि इतक्या वर्षांचा दंडक ती त्या आनंदात विसरली.

"बाळ्या!"

टक्. काटा मेल्यासारखा खाली पडला.

"ताई... किती वेळा सांगितलं..." स्पीकरमधून कुणीतरी वैतागून म्हणालं. मग काहीच नाही.

मिस्त्रीला साल शेवटपर्यंत सांगता आलं नाही. पिकअपमधून तारेचं एक तुटकं टोक बाहेर आलं होतं, मघाशी नसलेलं. त्याने ते चिमटीत धरलं. ते कोमट होतं, आत्ताच कुणाच्या तरी बोटांतून सुटल्यासारखं.