क्रॉसटाउनवरची पहार

बसा. कॉल येईल तेव्हा येईल. एलिसेओ माझा सख्खा मावसभाऊ. चोवीस वर्षं याच यार्डात टोइंगचा ट्रक चालवला त्यानं. म्हणून सांगतो, ऐकीव नाही हे.

चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळचे साडेसात. एलिसेओ त्याच्या आईचं, म्हणजे हर्मिनियामावशीचं, दुरुस्त झालेलं शिवणयंत्र तिच्याकडे पोचवायला निघाला होता. मावशीचा फोन आला.

"कुठं अडकलायस? टमाले गार झाले इथं."

"क्रॉसटाउन धरलाय, आई. दहा मिनिटांत ताटावर बसतो."

सगळं गाव शाळेच्या फुटबॉलला गेलेलं. क्रॉसटाउनचा रस्ता मोकळा, सगळा पुलावरून. बंदराकडून निघालं की दहा मिनिटांत गावाच्या त्या टोकाला. तुम्हा पोरांना तेवढंच ठाऊक. त्या पुलाच्या खांबांच्या जागी आमची गल्ली होती. एकशे दहा घरं. ती पाडली तेव्हा मी अर्ध्या चड्डीत होतो.

तर चर्चच्या वळणापाशी, पुलावर, कडेच्या पट्टीत त्याला दोन माणसं दिसली. एक खाली पडलेला. दुसरा पाठमोरा, त्याला पहारीनं मारतोय. सावकाश, खुंटी ठोकावी तसा.

काय रे रेनाल्डो?

"प्यायला होता का, काका?"

बारा वर्षं थेंब नव्हता घेतला त्यानं. आणि भित्राही नव्हता. चेपलेल्या गाड्यांतून माणसं ओढून काढलेला गडी तो. ट्रक थांबवला, दिवे लुकलुकत ठेवले, उतरला.

"ए, सोड त्याला."

तो ऐकेना. एलिसेओनं मागून पहार धरली. ओढाताण होईल असं वाटलं होतं त्याला. तसं काही झालंच नाही. त्या माणसानं पहार सोडून दिली. जणू वाटच बघत होता. आणि बाजूला झाला.

पहार एलिसेओच्या हातात.

खाली एक म्हातारा होता. अंगात फक्त बनियन. एलिसेओ त्याला उठवायला वाकणार... तेवढ्यात हात वर गेला. त्यानं नेला नाही. गेला.

खाली आला.

हाड मोडलं. त्यानं ऐकलं ते.

"घर सोडतो," म्हातारा म्हणाला. "सोडतो... आजच..."

पुन्हा वर. पुन्हा खाली. एलिसेओ ओरडत होता, "उठा, पळा..." आणि मारत होता. बोटं उघडेनात. जबडा गेला. मग डोळा...

राहू दे.

म्हाताऱ्याचं बोलणं थांबलं.

हात थांबला नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी पोलीस आले. एलिसेओ गुडघ्यांवर बसून पुलाच्या कठड्यावर मुठी आपटत होता. नुसत्या मुठी. पहार नाही, म्हातारा नाही, तो दुसराही नाही. रक्त होतं, ते याचंच. दोन्ही मनगटं मोडलेली.

दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मी आणि मावशी खाटेशी बसलो होतो. त्यानं सगळं सांगितलं. मावशीनं जपमाळ खाटेवर ठेवली.

"आपल्या गल्लीतला अबुंदियो होता तो," ती म्हणाली. "रस्त्यासाठी घर सोडीना. ठेकेदाराच्या माणसांनी त्याच्याच उंबऱ्यावर मारला. बायकोदेखत, लहानग्या नातवंडांदेखत."

"तुला कुणी सांगितलं?" एलिसेओनं विचारलं.

"तुम्हा दोघांचे आजोबा होते तिथं."

"बघायला?"

मावशी त्याची चादर सारखी करू लागली.

"आई... बघायला होते ना?"

"पहार त्यांच्या हातात होती."

आजोबांनी मला सायकल शिकवली होती. त्यांच्या हातांवरच्या रेघा अजून आठवतात मला. त्या खोलीत दोन नातू होतो आम्ही. एकमेकांकडे बघवेना.

सहा आठवड्यांनी, सव्वीस डिसेंबरला, प्लास्टर कापलं. मी शेजारीच उभा होतो. डाव्या हाताचं नीट निघालं. उजव्याचं उघडलं, आणि डॉक्टरीणबाईंचा हात थबकला.

मनगटावर चावा होता. ताजा. कापूस टेकवला तर लाल झाला.

त्यांनी प्लास्टरचे दोन्ही तुकडे उजेडात धरले. कुठं चीर नाही, डाग नाही. आतून कोरडं, पांढरंशुभ्र. मग चाव्यावर मोजपट्टी ठेवून मोजलं, एकदा, दोनदा.

"लहान मूल आहे," त्या हळूच म्हणाल्या. "सहा-सात वर्षांचं. पुढचे दोन दात पडलेत."