थांबलेले पंखे

"खून असेल तर बरं होईल," ती म्हणाली.

भाऊजींचा कप बशीवर जरा जोरातच टेकला. ती बसली होती त्या खुर्चीत बसून लोकांनी आजवर पुष्कळ काही मागितलं होतं. पळालेला नवरा, हरवलेला भाऊ, खोट्या सहीचा पुरावा. वडिलांचा खून मागायला कुणी आलं नव्हतं.

वहिनींनी नुसती मान हलवली. "आणि नसेल तर?"

"तर मग त्यांना मी मारलं."

वहिनी शोधाचं काम करत. नवरा गेल्यावर त्याची कचेरी त्यांनी चालू ठेवली, आणि कचेरीबरोबर त्याचा धाकटा भाऊही त्यांच्या वाट्याला आला. भाऊजी लोकांना मोटार शिकवत आणि स्वतः इतकी हळू चालवत की सायकलवाले मागून घंटा वाजवत. डोकंही त्याच गिअरमध्ये असतं, असं वहिनी म्हणत. तोंडावर म्हणत.

बाईची हकिकत अशी. तिच्या वडिलांना विमानं बघायचा नाद. जन्म छापखान्यात गेला, पण जीव आभाळात. विमानतळाच्या कुंपणाबाहेर पाण्याची एक बंद पडलेली टाकी आहे. तिच्यावर ते आणि त्यांचा जिवलग दोस्त, एक शिंपी, वर्षानुवर्षं बसत आलेले. लोक त्यांना टाकीवरचे कावळे म्हणत. त्या रविवारी विमानांच्या कसरती होत्या. शेवटी एक जुनं चार पंख्यांचं विमान उडणार होतं. त्या जातीचं आता तेवढं एकच उडतं.

त्याच दिवशी हिला इस्पितळातून रिपोर्ट आणायचा होता. गाठीचा. नवरा विमानतळावर अग्निशमनाची गाडी चालवतो, त्याला सुट्टी नाही. तिने वडिलांना म्हटलं, बरोबर चला. ते म्हणाले, ते विमान पुन्हा यायचं नाही गं.

"मी म्हटलं, जा, बसा टाकीवर. आणि परत खाली येऊ नका."

संध्याकाळी ते शिडीच्या पायथ्याशी सापडले. उताणे. चष्म्याचा चुरा झालेला. गळ्यात कॅमेरा, त्याच्यावर ओरखडाही नाही. भिंगावर टोपण व्यवस्थित बसवलेलं. कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो त्या जुन्या विमानाचा. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर थोडा वेळ जीव होता. पोलिसांनी अपघात लिहिलं.

"दयेने लिहिलं त्यांनी. कॅमेरा गळ्यात घालून बाबा शिडीवर कधी पाय ठेवत नसत. आधी पिशवीत घालून दोरीने खाली सोडायचे, मग स्वतः उतरायचे. म्हणजे ते उतरत नव्हते. टोपण लावलेलं, म्हणजे फोटोही काढत नव्हते. मग काय करत होते? फोटो काढला, टोपण लावलं आणि..."

पुढचं तिने हाताने दाखवलं. टेबलाच्या कडेवरून बोटं खाली सोडली.

वहिनींनी विचारलं, रिपोर्टचं काय झालं?

"काही निघालं नाही. साधी गाठ. ते सांगायलाच मी धावत घरी आले होते."

*

तिच्या वडिलांच्या खोलीत एक पलंग आणि चारी भिंतींवर विमानं. भाऊजी मान वर करून फिरले. पंख्यांच्या विमानांचे फोटो त्यांना कच्चे वाटले, कारण प्रत्येकात पंख्याच्या जागी नुसती धुरकट चकती होती, भिंगरी फिरावी तशी.

वहिनींनी शेवटच्या फोटोची प्रत समोर धरली. यात चारी पंख्यांची पाती न् पाती मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. शेपटीवरचा नंबर बरोबर मधोमध आलेला. विमानाचं नाक मात्र कडेला कापलं गेलेलं.

"सगळ्यात स्वच्छ फोटो हाच," भाऊजी म्हणाले. "नाक तेवढं गेलं. हात थरथरला असेल बिचाऱ्याचा."

"हात थरथरला तर नंबर वाचता आला असता का, भाऊजी?"

भाऊजींनी विचार केला. विचार गिअरमध्ये पडेपर्यंत वहिनी खोलीबाहेर गेल्या होत्या.

*

पहिला : जावई

धिप्पाड माणूस. बूट पुसता पुसता बोलला. सासऱ्यांशी पटत नव्हतं, हे त्याने न विचारताच सांगून टाकलं. घरात बायकोशी बोलायला जागा नाही, सगळीकडे विमानं. ती शिडी कापून टाका म्हणून त्याने वरिष्ठांकडे दोनदा अर्जही केला होता. रागाने की काळजीने, असं वहिनींनी विचारलं. तो म्हणाला, दोन्ही.

कसरती चालू असताना तो धावपट्टीच्या टोकाला गाडीवर होता, सोबत चौघे. जागचं हलायला बंदी. टाकी दिसत होती का? दिसत होती, पण तिकडे बघतो कोण. हजारो माणसं मैदानात, आणि साक्षीदार एक नाही. सगळ्यांच्या माना वर.

"ती रात्रभर जागी असते," तो शेवटी म्हणाला. "कुणीतरी केलं असं निघालं तर झोपेल तरी. माझं नाव निघालं तरी चालेल मला."

भाऊजींना त्याचा संशय होता, तो तिथेच विरघळला. वहिनींनी चौघांना वेगवेगळं गाठून विचारलं. गाडीवरून कुणी उतरलं नव्हतं.

*

दुसरा : शिंपी

दुकान म्हणजे एक मशीन आणि टांगलेल्या विजारी. मापाच्या टेपेशेजारी दुर्बीण. बोलणं चालू असताना वरून घरघर आली, तसा म्हातारा दुर्बीण घेऊन रस्त्यात पळाला. गिऱ्हाईक एका बाहीच्या सदऱ्यात उभंच. परत आला तो हिरमुसून. हे आधीचंच होतं, म्हणाला, घेतलेलं.

घेतलेलं म्हणजे? भाऊजींनी विचारलं, आणि म्हातारा खुलला. या नादात दोन जाती. दोस्त होता फोटोवाला. त्याला ऊन हवं, ढग हवेत, नाक-शेपूट सगळं चौकटीत हवं. एकच विमान शंभर वेळा काढेल. शिंपी नंबरवाला. आयुष्यात कॅमेरा हाती धरला नाही. शेपटीवरचा नंबर डोळ्यांनी वाचला की ते विमान आपलं झालं, घेतलेलं. मग ते डोक्यावरून गेलं तरी मान वर करायची नाही.

"तो म्हणायचा, तू लग्नात नवरीचं नाव ऐकून परत येणारा माणूस. मी म्हणायचो, तू लग्नाचे फोटो काढत बसलास आणि जेवण संपलं." हसता हसता त्याचे डोळे भरून आले. त्याने कापडाच्या चिंधीने पुसले.

त्या दिवशी? तो लवकर निघाला होता. गुडघा धरला म्हणून. जुनं विमान उडायच्या आधीच.

मग ते राहूनच गेलं की, वहिनी हळहळल्या. राहिलं, तो म्हणाला. तरुणपणापासून वाट बघत होतो त्याची. नशीब.

वहिनींनी सहज सांगितलं की येत्या रविवारी पुढच्या शहरात तेच विमान उडणार आहे. भाऊजींची मोटार आहे. दारात नेऊ, दारात आणून सोडू.

म्हाताऱ्याने सुईत दोरा ओवला. नको, म्हणाला. काम आहे.

"बिचारा," भाऊजी बाहेर आल्यावर म्हणाले. "दोस्ताच्या दुःखाने मन उडालं त्याचं विमानांवरून."

*

तिसरा

टाकीवर वहिनी एकट्या चढल्या. भाऊजी खाली शिडी धरून उभे राहिले, जणू ती पळून जाणार होती. वर सपाट सिमेंट, गंजकी कडी, तिला दोराची गुंडाळी आणि रिकामी पिशवी. समोर धावपट्टी. शिडी बरोबर उलट्या बाजूला.

वरून वहिनींचा आवाज येत होता.

"टोपण का लावलंत?"

.

"नाक का कापलंत?"

.

"पोरीला काय सांगू?"

.

त्या उतरल्यावर भाऊजींनी विचारलं, कोणाशी बोलत होता? तिसऱ्या संशयिताशी, त्या म्हणाल्या. तो निर्दोष आहे. आणि मोटारीत बसून कितीतरी वेळ गप्प राहिल्या. भाऊजींनी ओळखलं, उकल झाली आहे. कारण उकल न होता वहिनी गप्प बसत नसत.

*

उकल दुकानातच झाली. मुलीला बोलावून घेतलं होतं. ती इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी राहिली. शिंप्याने मशीन थांबवलं नाही.

"तुमच्या वडिलांनी उडी मारली नाही," वहिनी म्हणाल्या. "शेवटचा फोटो त्यांनी काढलेलाच नाही."

त्यांनी भिंतीवरचा एक फोटो आणि तो शेवटचा, असे दोन कापडावर शेजारी ठेवले. जेट विमानाचा फोटो झटक्यात काढावा लागतो, त्यासाठी कॅमेऱ्यावरची वेगाची चकती पुढे ठेवतात. तोच झटक्याचा वेग पंख्याच्या विमानाला ठेवला तर पंखे थांबलेले दिसतात, विमान दोऱ्याने टांगल्यासारखं. जाणत्या फोटोवाल्याला ते प्रेतासारखं वाटतं. म्हणून पंखेवालं विमान आलं की तो आधी ती चकती मागे फिरवतो, मग बटण दाबतो. यांच्या भिंतीवर एकही पंखा थांबलेला नाही. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली त्याच विमानाला हा माणूस ती चकती विसरेल?

"म्हणजे दुसऱ्या कुणीतरी काढला," भाऊजी म्हणाले. "कुणीतरी अडाण्याने."

"अडाणी असता तर चौकटीत नुसतं आभाळ आलं असतं. विमान कुठून वळणार हे याला पाठ होतं. हात स्थिर होता. फक्त कॅमेरा ठाऊक नव्हता. आणि नेम कशावर धरला, ते बघा. फोटोवाला नाक कापत नाही. हा नंबरवाला आहे. त्याने विमान पाहिलंच नाही, शेपूट वाचली."

मशीन मंदावलं.

वहिनी पुढे बोलत राहिल्या, सावकाश, जणू शिंप्याला सुटायला वाट ठेवून. इतक्या उंचीवरून माणूस पडला, चष्म्याचा चुरा झाला आणि कॅमेऱ्यावर ओरखडा नाही. कारण कॅमेरा पडलाच नाही. तो मागाहून खाली आला. कुणीतरी टोपण लावून तो गळ्यात अडकवला, प्रेमाने. ज्याला कॅमेऱ्याची सवय नव्हती, पण दोस्त त्या टोपणाला किती जपतो हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलं होतं.

"पण हे लवकर निघाले होते, गुडघा..." भाऊजी म्हणाले.

"मग रविवारी यायला का नको म्हणाले? विमानांवरून मन उडालेलं नाही. आपल्यादेखत गिऱ्हाईक सोडून रस्त्यात पळाले. उभ्या जन्मात राहिलेलं विमान आपण दारात आणून देत होतो. नंबरवाला अशा विमानाला एकाच कारणाने नको म्हणतो. ते घेतलेलं असेल तर."

मशीन थांबलं.

मुलगी हलली नाही. "काका, तुम्ही ढकललंत?" तिने विचारलं. भाऊजींना त्या आवाजात आशा ऐकू आली आणि त्यांनी मान खाली घातली.

"नाही गं, पोरी."

मग त्याने सांगितलं. जुनं विमान धावपट्टीवर वळत होतं आणि दोस्त एकाएकी उठला. कॅमेरा याच्या गळ्यात घातला. तूच काढ, मी चाललो, म्हणाला. शिंप्याला वाटलं चेष्टा करतोय. तोवर तो शिडीवर होता. घाईत. पाय कुठे चुकला ते दिसलंच नाही, आवाज तेवढा आला. शिंपी शिडीकडे धावला, वाकून बघितलं. दोस्त खाली पडला होता. डोळे उघडे. त्याने हात वर केला.

"मागून इंजिनांचा आवाज येत होता. मला वाटलं तो सांगतोय, तिकडे बघ, काढ. मी वळलो. काढला. नंबरही वाचला. विमान वळून लांब जाईपर्यंत वाचत होतो मी. मग उतरलो."

"आणि?"

"मग नव्हता तो."

शिंप्याने दोस्ताच्या गळ्यात कॅमेरा घातला. फोटो त्याचाच राहावा म्हणून. मग घाबरला, आणि घरी गेला.

पोलिसांकडे जावं लागेल, वहिनी म्हणाल्या. शिंप्याने मान डोलावली. कायद्यात याचं काय होईल ते त्यांनाही सांगता येईना. कदाचित काहीच नाही.

"बाबा का उतरत होते?" मुलीने विचारलं. "विमान समोर असताना?"

शिंप्याने वहिनींकडे पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं. वहिनींनी हे कधीच ओळखलं असणार, असं भाऊजींना वाटलं, आणि या वेळी आपल्यालाही लगेच कळलं याचं त्यांना वाईट वाटलं.

"म्हणाला, पोर एकटीच गेलीय रिपोर्ट आणायला. ती घरी यायच्या आत मला दारात उभं राहायचंय."

एक बाई पदर सावरत दाराशी आली, आतलं पाहून तशीच मागे वळली.

"हात कसा केला होता त्यांनी?" मुलगी म्हणाली.

"हं?"

"दाखवा मला. कसा केला होता."

शिंप्याने उजवा हात वर उचलला. बोटं थोडी मोकळी, मनगट वाकलेलं. वर बघ, असं म्हणणारा माणूस करतो तसा. खाली ये, असं म्हणणाराही तसाच करतो.

"पुन्हा करा."

त्याने पुन्हा केला. ती जवळ आली, त्याच्या तळव्याकडे बघत राहिली. मग तिने वहिनींना विचारलं, ते बोलावत होते की दाखवत होते. वहिनींनी दोन्ही फोटो उचलले, पुन्हा कापडावर ठेवले. "ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"पुन्हा करा, काका."

भाऊजी बाहेर मोटारीत जाऊन बसले. किल्ली फिरवली नाही. काचेतून दुकान दिसत होतं, आणि म्हातारा हात वर करत होता, खाली घेत होता, वर करत होता.