सगळ्यात कडक चिक्की

"यातली सगळ्यात कडक चिक्की कुठली?"

मी विचारलं तेव्हा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतले दिवे नुकतेच लागले होते. होम मैदानावरची धूळ पाळण्यांच्या उजेडात केशरी दिसत होती. दिवसभर प्रयोगशाळेत बोअरच्या पाण्याचे बेचाळीस नमुने तपासून माझे डोळे जड झाले होते, आणि मी स्टॉलवरच्या एकेका चिक्कीवर नख दाबून बघत होते.

"पेरू हाय का तो, मॅडम? दाबून बघताय."

मी वर पाहिलं. स्टॉलवाला सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटावर तीळ चिकटलेले.

"कडक हवीय मला."

"बोलताना कायतरी चमकलं." तो जरा पुढे वाकला. "तारा हायत की तुमच्या दातांना!"

मी तोंड मिटलं. सव्विसाव्या वर्षी दातांना तारा असल्या की लोक एकतर हसतात, नाहीतर समजावतात. हा हसला नाही. त्याने चिक्कीचा ट्रे सरळ मागे ओढला.

"तारावाल्यांना आमी देत न्हाय. गेल्या संक्रांतीला मामेबहिणीला दिली, तिची तार निघाली. वर्षभर बोलली न्हाय माझ्याशी." त्याने कागदावर एक वडी ठेवली. "ही घ्या. जिभेवर ठेवा आन् गप ऱ्हावा. चावायचं न्हाय."

तीळ, गूळ, थोडी वेलची… वडी आपोआप विरघळली.

"पाक लवकर उतरवलाय," मी म्हणाले. "एकशे पंधरा अंशांच्या आसपास. आणखी तीस अंश वर गेला असता तर काचेसारखा तुटला असता."

"आमी थेंब पाण्यात टाकतो. गोळी वळली तर वडी, टणकन वाजली तर चिक्की." तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुमी कोण म्हणायच्या?"

"राजेश्वरी. एम.एस्सी. केमिस्ट्री."

"मी महेश्वर. बी.कॉम. … दुसऱ्या वर्षापर्यंत."

त्याला काय सांगणार, की मला खरंच चावायचं होतं? एकवीस तारखेला माझ्या तारा निघणार होत्या. वरचा डावा सुळा आत्ता कुठे जागेवर येत होता. आता दातावर चिकटवलेलं एक जरी ब्रॅकेट निघालं तर आणखी दोन महिने जातील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि चोवीसला नातेपुत्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. सहावे. आईने त्यांना "तारा निघाल्यावरच या" असं कळवलं होतं. म्हणजे एक ब्रॅकेट तुटलं की पाहुणे दोन महिने लांब. पाच वेळा मी नाही म्हणायचं ठरवलं होतं, आणि पाचही वेळा पोह्यांचा ट्रे उचलून बाहेर गेले होते. भांडायला जोर लागतो. तो माझ्यात उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. सात घरी तिळगूळ मिळाला. नको म्हणता येत नाही, म्हणून सगळा रुमालात बांधून आणला. संध्याकाळी महेश्वरने तो रुमाल काढून घेतला आणि तेवढ्याच मऊ वड्या मोजून दिल्या.

"आणि हे पाणी. खाल्लं की चूळ भरायची. तीळ तारेत बसत्यात."

"मामेबहिणीने शिकवलं?"

"तिच्या डॉक्टरनं. मलाच ओरडला."

मग मी रोज जायला लागले. रोज कडक चिक्की मागायची, रोज तो नाही म्हणायचा. एके दिवशी त्याने हलव्याचे दाणे दिले. "एकेक चोखा. गडबड करायची न्हाय." मी अठ्ठेचाळीस दाणे संपवेपर्यंत त्याने तीन गिऱ्हाइकांना चुकीचे सुटे पैसे दिले.

"रोज वाट वाकडी करून येताय, न्हवं?"

"वाटेतच आहे."

"तुमच्या जुळे सोलापूरची रिक्षा होम मैदानावरनं जाते व्हय?"

"… आज गेली."

तो मान खाली घालून हसला. मला एकदम ऊन लागल्यासारखं झालं. जानेवारीत, संध्याकाळी साडेसातला.

वीस तारीख आली. तारांची शेवटची संध्याकाळ. मी त्याच्याकडे न जाता शेजारच्या स्टॉलवरच्या ईरप्पाकाकांकडून शेंगदाण्याची चिक्की घेतली. जाड, तपकिरी, दगडासारखी. आणि मग, का कोण जाणे, त्याच्यासमोर येऊन उभी राहिले.

"आज तरी खरं सांगा," तो म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "कशासाठी?"

मी सगळं सांगितलं. एकवीस, चोवीस, नातेपुते, पाच ट्रे. तो वजनं पुसत ऐकत होता.

"न्हाय म्हणायला दात कशाला मोडायचा? तोंड हाय की."

"तुम्हाला सोपं आहे! तुम्हाला कुणी चालून दाखव म्हणत नाही."

"ते खरं हाय," तो हळूच म्हणाला. "चुकलं माझं."

एवढंच. अडवलं नाही, समजावलं नाही. मी चिक्कीचा तुकडा डाव्या सुळ्यावर ठेवला. जबडा आवळायला लागले… आणि दीड वर्ष आठवलं. तार आवळल्यावरच्या रात्री, नुसत्या ताकभातावरचे आठवडे, गालाच्या आतल्या जखमा. तारा बसवायला लावल्या होत्या तिसऱ्या पाहुण्यांनी. पण सुळा सरकला होता माझा, आणि दुखणं मीच काढलं होतं. नातेपुत्याच्या लोकांसाठी मी तो का मोडायचा?

मी तुकडा तोंडातून काढला.

महेश्वरने माझ्या हातातली उरलेली चिक्की कागदात गुंडाळली आणि वजनाने ठेचली. पार भुगा होईपर्यंत. मग त्यात चमचा खोचून पुढे केला. आठ दिवस मागितलेली चिक्की मी तिथेच उभी राहून खाल्ली. गोड, खमंग, किंचित करपलेली. शेवटी नीट चूळ भरली.

मग आईला फोन लावला.

"उद्या तारा काढायला जातेय. पण चोवीसला पाहुणे नकोत."

"म्हणजे? बरं नाही का तुला, राजी?"

"बरी आहे. दमलेय गं आई."

मी ओरडा खायची तयारी केली होती.

"मीपण," आई म्हणाली. "दर वेळी घर आवरायचं, पोहे करायचे, हसायचं… बाबांना मी सांगते. ये लवकर."

फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरले होते. महेश्वर पाळण्याकडे बघत उभा होता, मला वेळ देत.

"एक विचारू?" तो म्हणाला. "आमी… म्हणजे मी आन् आई… कधी तुमच्या घरी आलो तर?"

"नाही."

त्याचा चेहरा पडला. वजन त्याने उगाच तागडीत ठेवलं, परत उचललं.

"तुम्ही नाही यायचं," मी म्हणाले. "चोवीसला संध्याकाळी मी येते तुमच्याकडे. आईंना सांगून ठेवा, मुलगी तुम्हाला बघायला येतेय."

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग पोहे… मी करायचे?"

"अर्थात. ट्रेसुद्धा तुम्हीच आणायचा."

"आन् विचारणार काय मला?"

मी विचार केला. पाच वेळा मला पगार विचारला होता, उंची विचारली होती, स्वयंपाक येतो का ते विचारलं होतं.

"दिवसभर काम करून दमल्यावर," मी म्हणाले, "तुम्हाला कुणाशी बोलावंसं वाटतं?"

"चोवीसला सांगू का?" त्याने विचारलं. "का… आत्ताच?"

"आत्ताच."

आणि त्याने माझं नाव सांगितलं.