करंजमाळची अकरा तळी

"पुन्हा एकदा वाच!" चंद्राकाकी म्हणाली.

"आये, तीनदा वाचलं की!"

"मग चौथ्यांदा वाच. तुजंच कायतरी चुकलं असंल. सरकार येवढं येडं नसतं."

तिच्या मुलाने, बाजीने, घसा खाकरला. तो तेरा वर्षांचा, पौडच्या शाळेत जाणारा. करंजमाळ वाडीत एखादं सरकारी पत्र आलंच, तर ते वाचायची जबाबदारी त्याच्यावर असे.

"'हवाई छायाचित्रांवरून असे निदर्शनास आले आहे की, मौजे करंजमाळ येथे अकरा बारमाही तळी आहेत. सबब विहिरीची मागणी नामंजूर करण्यात येत आहे.'"

अंगणात सगळे इकडेतिकडे पाहू लागले. मग गेणबा आजोबा सावकाश उठले, घराच्या मागे जाऊन नीट बघून आले आणि म्हणाले, "मागं तर न्हाई."

"आबा! तळं काय गोठ्यात बांधलेलं असतं?" दहा वर्षांचा येसू ओरडला.

"आरं, अकरा हायेत म्हंत्यात. येखादं तरी दिसाया पायजे!"

येसू आणि त्याची मोठी बहीण जया पुण्याहून मे महिन्याच्या सुट्टीत आजोबांकडे आली होती. साल एकोणीसशे त्रेसष्ट. त्यांचे वडील पुण्यात एका फोटो स्टुडिओत काम करत. त्यांनी या खेपेला जयाला जुना पेटीकॅमेरा आणि त्यात आठ फोटोंचा एक रोल दिला होता. त्यातले पाच फोटो येसूने पहिल्याच दिवशी एका शेळीवर खर्च केले होते. पाचही फोटोंत शेळीने नेमकी पाठ फिरवली होती.

काकीच्या डोक्यावरचा हंडा अजून खाली उतरला नव्हता. झरा दरीत, पलीकडच्या अंगाला. उतरायला निसरडी पायवाट, चढायला तीच. जाऊन-येऊन दीड तास, दिवसातून तीन खेपा. मागच्या वर्षी तिथेच घसरून काकीचं मनगट मोडलं होतं. ते बसवलं एका वैदूने, आणि तेव्हापासून तो हात पुरता वळतच नव्हता. विहिरीसाठी वाडीने चार वर्षं अर्ज केले होते. आता मंजूर विहिरींची यादी शनिवारी पुण्याला जाणार होती. आज सोमवार.

"अकरा तळी!" काकी म्हणाली. हंडा तिने इतक्या जोराने टेकवला की दोन ओंजळी पाणी सांडलं. ते सांडलेलं पाहून ती आणखीच भडकली. "त्या फोटो काढनाऱ्याला म्हनावं, ये आन् येका तळ्यात बुचकळून दाव मला!"

"काकी, आम्ही विचारून येतो," जया म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. वर्गात न केलेल्या चुकीबद्दल छडी खाताना जसे होतात, तसे.

* * *

ते पत्र पाठवणारी सरकारी मोजणीची छावणी पौडला एका भाड्याच्या घरात होती. तिथले अधिकारी हैबतराव. माणूस स्वभावाने गोड. त्यांच्या यादीत चाळीस गावं होती आणि त्यांपैकी एकाही गावाला त्यांनी पायांचा त्रास दिला नव्हता. विमान जाऊन आल्यावर माणसाने पुन्हा जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

"करंजमाळ? वा! तळ्यांचं गाव!" त्यांनी मुलांचं प्रेमाने स्वागत केलं.

"साहेब, तितं येक बी तळं न्हाई," बाजी म्हणाला.

"असं कसं? हे बघ." हैबतरावांनी एक मोठा काळा-पांढरा फोटो पुढे सरकवला. "सरकारी विमानाने दहा हजार फुटांवरून काढलेला. हे खाली मोठं काळं दिसतं ते मुळशीचं धरण. बरोबर?"

"व्हय."

"काळं ते पाणी. आता वर बघ. डोंगरावर काळे ठिपके. मोज."

येसूने बोट टेकवत मोजले. अकरा.

"आणि फोटोची तारीख? वीस एप्रिल! ऐन उन्हाळ्यात पाणी, म्हणजे बारमाही!" हैबतराव खुर्चीत मागे रेलले. आपल्याच हुशारीचं त्यांना कौतुक वाटल्याचं स्पष्ट दिसत होतं.

"पण आम्ही तिथेच राहतो! आम्हाला दिसत नाहीत!" जया म्हणाली.

"बाळ, विमान बघतं दहा हजार फुटांवरून. तू किती फुटांवरून बघतेस?"

"चार फूट सात इंच," येसूने तिच्या वतीने सांगितलं.

"झालं तर मग!"

जयाने दात आवळले. टेबलावर फायलींचा ढीग होता आणि तो उडू नये म्हणून वर एक चमत्कारिक वस्तू ठेवली होती. चार बारीक पाय, वर दोन भिंगं, चष्म्यासारखी. बाजूला एका गठ्ठ्यावर चिठ्ठी होती: 'जादा प्रती.'

"जादा प्रती म्हणजे काय, साहेब?"

"उधळपट्टी!" हैबतराव प्रथमच चिडले. "एकाच डोंगराचे दोन-दोन फोटो पाठवलेत लोकांनी! बासष्ट वेगळे काढले मी. वर तक्रारही केली आहे. निघा आता. आणि पोहायला जपून हं, लहान आहात!"

तिघं रस्त्यावर आली. मग बाजी एकदम म्हणाला, "पोहायला! ऐकलंस? पोहायला! आमी आंगुळ करतो तांब्याभर पान्यात, आन् तेच पानी म्हशीला!"

"ओरडून काही होणार नाही," जया म्हणाली आणि मग स्वतःच ओरडली, "पण काळं काय आहे ते? काहीतरी काळं आहेच ना फोटोत!"

"इमानानं वरून बगितलं," बाजी म्हणाला. "आपुन बी वरून बगू. कड्यावर चला!"

* * *

वाडीच्या डोक्यावरचा कडा म्हणजे उभी भिंत. बाजी माकडासारखा चढला, जया त्याच्या पाऊलखुणांवर, आणि येसू अर्धा वाटेवर, अर्धा बाजीच्या शिव्यांवर. वर पोचून तिघांनी खाली पाहिलं.

घरं दिसेनात! गवताची छपरं वाळलेल्या गवतात मिसळून गेली होती. दूर खाली धरणाचं पाणी काळंभोर पसरलं होतं. आणि मधल्या उतारावर...

"तळी!" येसू किंचाळला. "आई शप्पथ, तळी!"

खरंच, काळे-काळे तुकडे! एक, दोन, पाच, अकरा!

बाजीने कपाळावर हात मारला. "आरं येड्या, ते राब हायेत!"

"राब?"

"भाताचं रोप लावायची जागा. उन्हाळ्यात तितं शेन, गवात, झाडाच्या फांद्यांचा टाळा पसरायचा आन् पेटवून द्यायचा. जमीन भाजून काळी व्हती. मग पावसाला त्यात बी टाकायचं. घरटी येक राब. घरं किती?"

"अकरा," जया हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढत गेला. "म्हणजे राख! राख पाहून त्यांनी आपलं पाणी तोडलं! जळलेली जमीन!"

"चल, सांगू साहेबांना!" येसू उठलाच.

"सांगून नाही ऐकणार. 'चार फूट सात इंच' म्हणतील. त्यांना फोटोच दाखवायला हवा." जयाने भुवया आक्रसल्या. "रोलमध्ये तीन फोटो उरलेत. येसू, कॅमेऱ्याला हात लावलास तर कड्यावरून ढकलीन."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जया आणि येसू पुन्हा कड्यावर होते. खाली बाजीने घराघरांतून बाया गोळा केल्या होत्या. त्यासाठी त्याला फारसं बोलावं लागलं नाही. "तळ्यात हुबं ऱ्हायाचंय" एवढं म्हणताच साळूबाई पदर खोचून निघाली, तिच्यामागे रंभाबाई, मग सगळ्याच. अकरा राबांत अकरा बाया, आणि प्रत्येकीच्या हातात रिकामा हंडा, उपडा धरलेला. घासूनपुसून लख्ख केलेले पितळी हंडे उन्हात असे चमकले की येसूने डोळे मिटले.

जयाने श्वास रोखून तीन वेळा कळ दाबली.

रोल संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरने पुण्याला नेला. स्टुडिओत वडिलांनी त्याच रात्री तो धुतला. शुक्रवारी तोच कंडक्टर पाकीट घेऊन परतला आणि म्हणाला, "तुमच्या वडिलांनी निरोप दिलाय. शेळी चांगली आलीय."

* * *

शनिवारी छावणीत धावपळ होती. यादी न्यायला पुण्याहून मोठे साहेब आले होते. उंच, शांत, बोलण्यापेक्षा ऐकणारे.

"पुन्हा तुम्ही?" हैबतराव कुजबुजले. "साहेब आहेत! जा!"

"त्यांनाच भेटायचंय," जया म्हणाली आणि फोटो सरळ मोठ्या साहेबांपुढे ठेवला. "साहेब, ही करंजमाळची अकरा तळी. प्रत्येक तळ्यात एक बाई उभी आहे. एकीचाही पाय ओला नाही."

मोठ्या साहेबांनी फोटो उचलला, खिडकीशी नेला. हैबतरावांनी त्यांच्या खांद्यावरून डोकावलं.

"उभ्या आहेत म्हणजे पाणी उथळ दिसतंय," ते विचारपूर्वक म्हणाले.

"उथळ?" बाजीचा आवाज फाटला. "राख हाय ती साहेब, राख! तुमी राबाला तळं म्हन्ता! माज्या आईचा हात मोडलाय पान्यापायी!"

"बाजी, थांब." जयाची नजर फायलींवरच्या त्या चार पायांच्या वस्तूवर होती. वडिलांच्या स्टुडिओत तशीच एक जुनी गंमत होती. त्यात जोडीचे दोन फोटो घालून पाहिलं की चित्रातलं देऊळ कागदातून उठून उभं राही. जोडीचे दोन! दोन्ही थोड्या-थोड्या वेगळ्या जागेवरून काढलेले, आपल्या दोन डोळ्यांसारखे!

"हैबतरावसाहेब, आम्हाला ते वजन जरा खेळायला द्याल? आणि करंजमाळची जादा प्रत?"

"घ्या, घ्या! पण गप्प बसा!"

जयाने विमानाचा पहिला फोटो आणि ती जादा प्रत शेजारी ठेवली, वर भिंगं उभी केली आणि डोळे लावले. आधी सगळं दुहेरी दिसलं. तिने एक फोटो किंचित सरकवला. आणखी किंचित. आणि एकदम डोंगर उठला! कडा उभा राहिला, दरी खोल गेली, धरण ताटासारखं सपाट खाली राहिलं. आणि अकरा काळे तुकडे...

"साहेब!" ती ओरडली. "पाणी उतारावर उभं राहतं का?"

"काय?"

"तुमचं धरण सपाट आहे. पण ही अकरा तळी तिरकी आहेत! डोंगराच्या उतारावर, घोंगडी वाळत घातल्यासारखी! त्यांतलं पाणी सांडत कसं नाही?"

मोठे साहेब वाकले. भिंगांना डोळे लावले. मग सरळ झाले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "हैबतराव, याला स्टिरिओस्कोप म्हणतात. तुम्ही त्याने काय करता?"

"फायली उडत नाहीत, साहेब."

"आणि जोडीचा दुसरा फोटो?"

"तो... जादा म्हणून..."

"तो डोळा होता, हैबतराव. चाळीस गावं तुम्ही एक डोळा मिटून पाहिलीत."

हैबतरावांनी रुमालाने कपाळ पुसलं. "विमानाची चूक, साहेब."

"विमानाने दोन्ही फोटो पाठवले होते." मोठ्या साहेबांनी यादी घडी घालून खिशात टाकली. "यादी आज जाणार नाही. चाळीसही गावं जोडीने पुन्हा बघायची, आणि शंका येईल तिथे चालत जायचं. पहिलं करंजमाळ. उद्या सकाळी. तुम्ही आणि मी."

दुसऱ्या दिवशी ते दोघे खरंच चढून आले. चंद्राकाकी त्यांना निसरड्या पायवाटेने झऱ्यावर घेऊन गेली आणि घेऊन आली. परतल्यावर हैबतराव शेणाने सारवलेल्या ओट्यावर आडवे झाले आणि त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं. काकीने दिलं. त्यांनी आणखी मागितलं. तेवढ्यात पाण्याची खेप त्यांना आठवली असावी, कारण अर्ध्यावरच त्यांनी हात मागे घेतला आणि म्हणाले, "नको, राहू दे."

मोठ्या साहेबांनी वाडीदेखत तिन्ही मुलांच्या पाठीवर हात ठेवला. "आमच्या खात्यात शिकलेली माणसं पुष्कळ आहेत. बघणारी कमी आहेत. ही तीन सापडली."

"चार," येसू म्हणाला. "कंडक्टरपण धरा."

"पोरं लई गुणाची," गेणबा आजोबा म्हणाले आणि डोळे पुसताना धूर गेला असं सांगू लागले. चूल तेव्हा विझलेली होती.

विहीर मंजूर झाली, पण खणायला पुढचा उन्हाळा उजाडला. सुरुंग लागले, कातळ फुटला, आणि मे महिन्यात, जया आणि येसू पुन्हा सुट्टीला आली त्याच आठवड्यात, पाणी लागलं. वाडी काठावर जमली. गुलाल झाला, नारळ फुटला. पहिली बादली ओढायचा मान चंद्राकाकीचा.

तिने दोर सोडला. बादली खाली गेली आणि लगेच पाण्यावर आपटल्याचा आवाज आला. काकी चपापली. तिने दोर ओढला, हातांनी मोजत. मग बादली कठड्यावर टेकवून ती हातातल्या दोराकडे बघू लागली.

"काकी, हसा ना!" जया म्हणाली.

"पंधरा हात," काकी म्हणाली. तिने दोर रागाने जमिनीवर आपटला. "फकस्त पंधरा हात! माज्या दारात, माज्या पायाखाली पानी हुतं, आन् मी वीस वर्सं दरी उतरले!"

आणि तिने भरलेली बादली उचलून सगळीच्या सगळी स्वतःच्या डोक्यावर ओतली.