हा बॉल माझा

त्याची माझी ओळख झाली, कारण त्याच्या बुटाखाली माझा बॉल फुटला.

टच्च! मी टेबलाखालून रांगत बाहेर येत होते, तर समोर दोन भलेमोठे बूट आणि एकाखाली माझा नवाकोरा बॉल... चपटा! वर बघितलं. बघतच राहावं लागलं, कारण हा मुलगा संपतच नव्हता. गुडघे, मग शर्ट, मग आणखी शर्ट, आणि पार वर, छताच्या दिव्याजवळ कुठेतरी, घाबरलेला चेहरा.

"सॉरी," तो म्हणाला आणि मला उठवायला हात पुढे केला. डावा.

माझा डावा हात कोपराच्या जरा पुढे जाऊन थांबतो. जन्मापासून तो तिथेच थांबलाय, पुढे जायची त्याला काही घाई नाही. पण टेबल टेनिसच्या हॉलमधल्या सगळ्यांनी एकदम श्वास रोखला. त्याच्याही लक्षात आलं. कान लालभडक!

"म्हणजे... मी डावखुरा आहे, म्हणून... मला खरंच..."

बिचारा. मी सरळ माझा डावा त्याच्या तळव्यावर ठेवला. "हा धाकटा. आणि हा थोरला," मी बॅट धरलेला उजवा नाचवला. "धाकटा जरा लाजाळू आहे, पण एकदा ओळख झाली की डोक्यावर बसतो."

तो हसला नाही. अगदी गंभीरपणे थोडा वाकून म्हणाला, "भेटून आनंद झाला, धाकटेराव."

मीही त्या बॉलसारखी चपटी झाले... तिथल्या तिथे!

शाळेत सगळे त्याला जिराफ म्हणतात. दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलतो. मला सर तोफ म्हणतात, का ते सांगायला नको. डावखुरा आणि उजवी अशी जोडी डबल्सला फार चांगली, एकमेकांच्या पायात येत नाहीत, असं म्हणून सरांनी आम्हाला एका टेबलावर उभं केलं. मी रात्री उशीत तोंड खुपसून ओरडले. आई दाराशी येऊन म्हणाली, "पोट दुखतंय का गं?"

आईवरून आठवलं. गेल्या वर्षापर्यंत मी भर उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचे कपडे घालायची. या वर्षी खेळाची जर्सी आली, तेव्हा मी ती आईपुढे टाकली आणि म्हटलं, "बाही काप." आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कात्री उचलली आणि म्हणाली, "दोन्ही कापते. एकच कापली तर बावळट दिसशील."

तर, डबल्स. डबल्सचा नियम फार सुंदर आहे. एक बॉल मी मारायचा, पुढचा त्यानं, पुन्हा मी. दुसऱ्याचा बॉल मारला की पॉइंट गेला! मारून झालं की पटकन बाजूला व्हायचं, जोडीदाराला जागा द्यायची. बस, एवढंच.

आणि जिराफाला नेमकं एवढंच जमेना.

सुरुवातीला जमत होतं हं. पण स्पर्धेच्या आठवड्यात काय बिनसलं कोण जाणे, माझ्या डाव्या बाजूला बॉल आला रे आला की हा लांबलचक हात मध्ये घुसवायचा. सेमीफायनलला तर कहर! मी बॅट मागे घेतेय, नजर बॉलवर... आणि फाटकन तोच मारून मोकळा. पंचांनी हात वर केला, समोरच्यांना पॉइंट. पुन्हा तेच. पुन्हा तेच! कसेबसे जिंकलो, पण जिंकल्यासारखं वाटेना.

सरांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि मला म्हणाले, "फायनलला तुझ्या जागी वेणी खेळेल."

वेणी म्हणजे आमची राखीव खेळाडू, कमरेपर्यंत वेणी असलेली. तिनं ते ऐकलं आणि चावलेलं केळं तसंच तोंडात धरून बसली.

"सर, पण माझे बॉल हा—"

"डावीकडचे तुझ्याकडून सुटतात, म्हणूनच तो धावतो ना?"

"सुटतात? सुटायला मिळतात तरी कुठे, सर?"

मी जिराफाकडे बघितलं. बोल ना... एक वाक्य बोल. त्याची नजर स्वतःच्या बुटांवर. मी बॅट बाकावर आपटली आणि जिन्यात जाऊन बसले. एक तास. एका तासात माझ्या जागी दुसरी उभी राहणार होती, आणि प्रेक्षकांत बसलेली आई समजणार होती की तिच्या लेकीला खरंच जमलं नाही.

बूट वाजले. तो आला, दोन पायऱ्या सोडून खाली बसला. तरी त्याचं डोकं माझ्या डोक्याएवढंच उंच!

"तुला माझी कीव येते?" मी विचारलं.

"नाही."

"मग काय येतं?"

त्यानं बुटाची नाडी सोडली.

"बोल, नाहीतर तुझी पाण्याची बाटली ओतते तुझ्याच डोक्यावर. हात पुरतोय आता."

"त्या दिवशी सरावात..." तो अडखळला. "तू टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलीस. धाकट्यावर. केवढं रक्त आलं. आणि तू हसत होतीस."

"मग? रडायला हवं होतं?"

"मला झोप नाही आली."

माझं हसू पार ओठांपर्यंत आलं. मी त्याला दटावलं, आता नाही!

"तेव्हापासून डावीकडे बॉल आला की माझे पाय... म्हणजे डोकं सांगतं थांब, पण पाय ऐकतच नाहीत."

"अरे, तो टेबल टेनिसचा बॉल आहे! फुंकर मारली तर उडतो. त्यानं मी मरणार आहे का? आणि धाकट्याला काय काचेचा समजलास? सर्व्हिसचा बॉल कोण उडवतं? तोच ना? कोपराच्या खळगीत ठेवून..."

"माहितेय. बघतो की मी रोज."

"काय बघतोस?"

"सर्व्हिस."

"फक्त सर्व्हिस?"

कान लालभडक. मला हसायला येत होतं आणि डोळेही भरत होते. दोन्ही एकदम आलं की माझं नाक फार वाईट गळतं, म्हणून मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ऐक," मी भिंतीला सांगितलं. "मला वाचवणारा नकोय. घरात दादा आहे तेवढ्यासाठी. आणि... आणि तुला मी आवडत असेन तर..."

"तर?"

"तर बाजूला हो."

त्यानं नाडी पुन्हा घट्ट बांधली. मग उठला. त्याला उठायला नेहमीच वेळ लागतो, पण या वेळी जरा जास्तच लागला. तडक सरांसमोर जाऊन उभा राहिला. मी दाराआडून ऐकत होते.

"सर, चूक माझी आहे. तिच्याकडून एकही बॉल सुटलेला नाही. मीच मध्ये घुसतो. बदलायचं तर मला बदला."

एका दमात इतकी वाक्यं! त्याचा महिन्याचा कोटा संपला असणार.

"हो सर," वेणी मागून ओरडली, "तिलाच खेळू द्या, माझ्या पोटात केव्हाचा गोळा आलाय!"

सरांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "ठीक आहे. पण तिचा एक जरी बॉल मारलास, तर पुढच्या सामन्यापासून ही जोडी बंद. कायमची. कळलं?"

कायमची. मला सरांचा हा शब्द अजिबात आवडला नाही.

फायनल सुरू झाली. मी पहिल्याच सर्व्हिसला धाकट्याच्या खळगीत बॉल ठेवला, तर समोरच्या शाळेचे सर उभे राहिले, बॉल उघड्या तळव्यावरच हवा, ही सर्व्हिस चालत नाही म्हणून. सगळा हॉल माझ्या हाताकडे बघायला लागला. गेल्या वर्षीची मी असते तर मटकन खाली बसले असते. मी धाकटा आणखी वर उचलला, मागच्या रांगेलाही दिसू दे! पंच शांतपणे म्हणाले, "तिला परवानगी आहे. चालू करा."

मग नुसती मारामारी. एक गेम त्यांचा, एक आमचा. प्रत्येक डावीकडच्या बॉलला माझे कान मागे, आता वाजतील ते बूट, आता घुसेल तो हात... त्याचे पाय पुढे यायला बघत होते, पण तो थांबत होता. ओठ दातांखाली धरून थांबत होता. आणि मी मारत होते!

शेवटचा गेम. ते एका पॉइंटनं पुढे. हा पॉइंट गेला की सगळं संपलं.

जिराफानं बॉल पलीकडे टोलवला. पुढचा माझा. समोरच्या पोरीनं खुनशीपणे हसून तो माझ्या डावीकडे, अगदी कोपऱ्यात पाठवला. सगळ्यांत अवघड बॉल. मागे बूट करकरला...

संपलं, मला वाटलं.

पण आवाज दूर गेला. तो एवढा मोठा जिराफ चक्क खाली बसला होता, जमिनीला टेकून, मला सगळी जागा मोकळी करून. माझ्याभोवती केवढी हवा होती! मी वळले, पूर्ण ताकदीनं बॅट फिरवली.

बॉल जाळीवर चढला. तिथे बसला. विचार केला... आणि आमच्याच बाजूला पडला.

हरलो.

हॉलमधून तो आवाज आला, मला पाठ आहे तो, "अरेरेरे..." कुणीतरी मागून म्हणालंसुद्धा, "तरी बिचारीनं केवढं केलं हो!" टाळ्या. मऊ मऊ, दयाळू टाळ्या.

आणि जिराफ उठला. कपाळाला हात लावून ओरडला, "काय फालतू मारलास!"

टाळ्या थांबल्या.

"काय?" मी म्हटलं.

"फालतू! अख्खं टेबल रिकामं होतं समोर! एवढी ताकद कशाला? नुसता ढकलायचा होता!"

"तू माझ्यावर ओरडतोयस? सगळ्यांसमोर?"

"हो!"

मी अशी हसले, अशी हसले की नाक गळायला लागलं. चुकला होता, पण तो बॉल माझा होता ना! मीच मारला आणि मीच घालवला. तिकडे आई उभी राहून जोरात ओरडत होती, "बरोबर बोलतोय तो!"

सर बॅटा पिशवीत भरत पुटपुटले, "उद्या सकाळी सराव. दोघांनी यायचं. उशीर केलात तर बघा."

दोघांनी! हा शब्द मात्र मला फार आवडला.

दाराशी जिराफ थांबला होता. त्यानं हात पुढे केला. डावा. या वेळी मुद्दाम.

"थोरला मोकळा आहे," मी म्हटलं.

"मला धाकटेरावच हवेत." कान पेटले होते, पण नजर बुटांवर नव्हती. "आणि ते... मघाशी जिन्यात तू म्हणालीस ना... आवडत असेन तर..."

"काय म्हणाले होते बरं मी?"

"मी झालो ना बाजूला."

मी धाकटा त्याच्या तळव्यात ठेवला. त्यानं बोटं मिटली, घट्ट नाही, सैलही नाही.

"मग ये आता जवळ," मी म्हटलं. "सामना संपलाय."